हवेतलं लायसन

खोली पाहायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला नाव विचारलं नाही, मार्क विचारले नाहीत. ते म्हणाले, "समज, तू गाडी चालवून राह्यली. तुले डावीकडे वळायचं आहे. हात कसा दाखवशील?"

माझ्याकडे गाडी नव्हती. सोबत वडील होते आणि त्यांच्या डोक्यावर माझी गादी होती. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे यवतमाळात खोली देताना काय विचारतात हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, सगळीकडे हेच विचारत असतील. मी भीत भीत डावा हात बाहेर काढला.

"फेल," काका म्हणाले. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात खांद्यापासून बाहेर काढला आणि घड्याळाच्या उलट दिशेनं गोल फिरवला. "डावीकडे जायचं तरी हात उजवाच. उजवीकडे जायचं तर तोच हात सरळ बाहेर. मागून येणाऱ्याले समजलं पाह्यजे. काय समजलं?"

"मागून येणाऱ्याला समजलं पाहिजे," मी म्हणाले.

"वरची खोली तुझी. नळ सकाळी येते."

वडील आमच्या गावच्या, फुलसावंगीच्या गाडीत बसले तेव्हाही खिडकीतून उजवा हात काढून फिरवून बघत होते. कंडक्टरनं त्यांना हात आत घ्यायला लावला.

काका नुकतेच निवृत्त झाले होते. लायसन देणाऱ्या हापिसात, शिकाऊ लायसनच्या खिडकीत त्यांची सगळी नोकरी गेली. पुढे परीक्षा कॉम्प्युटरवर गेली, पण त्याआधी खिडकीपलीकडे जो येईल त्याला काका हाताचे इशारे विचारायचे. चुकला की खिडकीतून स्वतः हात बाहेर काढून दाखवायचे आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलवायचे. अर्ध्या जिल्ह्याला त्यांचा चेहरा आठवत नसे, हात आठवत असे. आम्ही भाजी घ्यायला गेलो की कुणीतरी मोटारसायकल थांबवून उजवा हात फिरवत म्हणायचा, "साहेब, नमस्कार!"

आणि या माणसाकडे स्वतःचं लायसन नव्हतं. कोणतंच. काकू स्कूटी चालवायच्या आणि काका मागे बसून इशारे द्यायचे.

काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात लसूण सोलता सोलता सगळं सांगितलं होतं. "शिकले वं, खूप शिकले. पण वळायच्या वेळेस हात बाहेर काढते हा माणूस. एका हातानं गाडी सांभाळत नाही. पडते. हात नाही काढला तर वळता येते, पण मग म्हणते, मी फेल."

"म्हणजे कोण फेल करायचं त्यांना?"

"तेच. स्वतःच परीक्षा देते अन् स्वतःच फेल करते. हापिसातले म्हणे, साहेब, एवढं चालते. तर हे म्हणे, 'इशारा न देता वळणाऱ्याले मी खिडकीतून वापस पाठवतो. मग मी कसा घेऊ?'" काकूंनी लसणाची साल फुंकली. "निरोपसमारंभात साऱ्यांसमोर कोणीतरी बोललं, साहेबानं साऱ्या जिल्ह्याले लायसन देल्लं, स्वतः मात्र डबलसीट राह्यले. सारे हसले. हेही हसले. घरी येऊन जेवले नाही."

एवढं ऐकल्यावर पुढचं वेड मला वेड वाटलं नाही. निदान सुरुवातीला तरी.

एका संध्याकाळी काका ओसरीतल्या झोपाळ्यावर बसून मोबाइलवर काहीतरी पाहत होते. विमानातून माणसं उड्या टाकत होती. काका जांभई देत होते. मग त्यातला एकजण इंग्रजीत काहीतरी बोलला आणि काका ताठ झाले.

"पोरी, इकडं ये. हा लायसन म्हणाला का?"

मी पुन्हा लावून ऐकलं. माझं इंग्रजी तेव्हा फार कच्चं होतं, अजूनही पक्कं नाही, पण तेवढं मला कळलं. पंचवीस उड्या नीट टाकल्या, परीक्षा दिली, की एकट्यानं उडी मारायचं लायसन मिळतं.

काकांनी मोबाइल मांडीवर ठेवला. "हवेत गाडी कोणती?"

"छत्री असते काका. पॅराशूट."

"चाकं?"

"नसतात."

"म्हणजे पडायचा सवालच नाही. आधीच पडून राह्यलो असतो आपण."

मी नीट विचार केला आणि मला ते पटलं. म्हणून सांगते, दोष थोडा माझाही आहे.

हरियाणात एका जुन्या धावपट्टीवर हे शिकवतात असं कळलं. त्यांच्याकडून इंग्रजी पुस्तिका आली आणि ती मराठीत सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी डिक्शनरी घेऊन मी ओसरीत बसायचे. पुस्तिकेत पहिलंच असं होतं, की हवेत पडताना पोट पुढे काढायचं, कंबर खाली ढकलायची आणि हातपाय मागे सोडायचे. मी ते दोनदा वाचून खात्री केली.

"पोट पुढं?" काका म्हणाले. "पक्कं?"

"पक्कं."

काका आत बघून ओरडले, "अवं, ऐकलं का? इतकी वर्षं तू म्हणून राह्यली पोट आत घ्या, आत घ्या!"

"मी जमिनीवरचं सांगत होती," स्वयंपाकघरातून आवाज आला.

छत्री बिघडली तर काय करायचं हे पाठ करण्यासाठी काकांनी बनियनला छातीपाशी दोन्ही बाजूंनी लाल चिंध्या शिवून घेतल्या. एक बिघडलेली छत्री सोडायची, दुसरी राखीव छत्री उघडायची. आधी बघायचं, मग धरायचं, मग ओढायचं. अशी वेळ सांगून येत नाही, म्हणून ते सरावही न सांगता करायचे. भाजीबाजारात वांग्यांवर वाकलेले असताना एकदम कमान करून आभाळाकडे बघत आणि शर्टाच्या आत दोन्ही हात घालून काहीतरी उपटत. वांगीवाली घाबरली. "साहेब, मुंगळा चावला काय?"

"राखीव उघडली," काका म्हणाले. "अर्धा किलो दे."

काकूंचं माहेर आर्णीजवळ आहे. हिवाळ्यात आम्ही तिथे गेलो तर मधल्या खोलीत वेचलेला कापूस माळ्याच्या उंचीपर्यंत भरलेला. भाव चढायची वाट बघत ठेवलेला होता. काकांनी एकदा माळ्याकडे पाहिलं, एकदा कापसाकडे. मी त्यांचा चष्मा धरला, कारण मला नाही म्हणता येत नाही. ते शिडीनं माळ्यावर चढले, पोट पुढे काढलं, हातपाय पसरले आणि पडले. कापसात ते पूर्ण गेले. वर फक्त एक तळपाय राहिला.

आवाज ऐकून काकूंचे भाऊ धावत आले. "जवाईबुवा कुठी गेले?"

मी तळपायाकडे बोट दाखवलं.

"जवाईबुवा," ते तळपायाला म्हणाले, "तुम्हाले झोपायचं असन तर गादी आहे ना बाप्पा घरात!"

त्यांना ओढून काढलं तेव्हा काकांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि कानात सरकी होती. दोन दिवस त्यांचं अंग खाजत होतं. पण ते खूश होते. हरियाणातली जमीन कापसाची नाही हे त्यांना सांगायचं माझ्या मनात आलं होतं, पण ते बोलायला मला धीर झाला नाही.

पहिल्यांदा काका एकटेच गेले. बरेच दिवस राहिले. रोज संध्याकाळी काकूंना फोन यायचा आणि काकू फोन ठेवून मला एका वाक्यात बातमी सांगायच्या. "आज पडले." "आज नीट पडले." "आज सोबतचे मास्तर सोडून एकटे पडले." आम्हाला वाटलं आता लायसन घेऊनच येतील.

आले ते रिकाम्या हातानं. झोपाळ्यावर बसून त्यांनी सांगितलं ते असं. नवशिक्यांच्या कानाशी रेडिओ असतो. खालून सर सांगतात, उजवी दोरी ओढा, डावी ओढा. तोवर सगळं उत्तम. मग रेडिओ काढून घेतला. तरी पहिले दोन-चार दिवस ठीक गेलं. आणि मग एके दिवशी वारा फिरला. मैदानावर उतरायला सगळी वळणं उजवीकडे घ्यायची होती. काका डावीकडे गेले. पुन्हा उजवीकडे वळायला गेले, आणखी डावीकडे गेले. असं जात जात मोहरीच्या शेतात उतरले.

"तिथं एक म्हातारा बाज टाकून बसला होता," काका म्हणाले. "मले विचारते, ताऊ, कहाँ से आए? मी म्हटलं, यवतमाळ से. तो वर पाहून म्हणते, सीधे?"

"मग?"

"मी म्हटलं, सीधे नहीं, दायें मुड़ना था."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच उतरले. तोपर्यंत म्हाताऱ्यानं चहा ठेवला होता. मग सरांनी सांगितलं, अंकल, सगळं झालं आहे, फक्त एकदा रेडिओशिवाय आणि उजव्या वळणांनी मैदानात उतरून दाखवा, लगेच सही करतो. आता घरी जा, सराव करून पुन्हा या. पण ही शेवटची वेळ. नाही जमलं तर मी तुम्हाला पुन्हा विमानात बसवणार नाही.

म्हणून ओसरीत सराव सुरू झाला. काका झोपाळ्यावर बसून दोन्ही हातांनी साखळ्या धरायचे, मी समोर उभी राहून ओरडायचे, "उजवीकडे!" आणि दर वेळी, उजवी साखळी ओढायच्या आधी, काकांचा उजवा हात साखळी सोडून सरळ बाहेर यायचा.

"काका, हात," मी म्हणायचे.

"कोणता हात?" ते हाताकडे बघून दचकायचे. त्यांना खरंच माहीत नसायचं.

मी वहीत छत्री काढली, दोऱ्या काढल्या. दोन्ही दोऱ्या छातीशी घट्ट धरलेल्या असताना उजवी सोडली तर उजवी बाजू पळते आणि छत्री डावीकडे फिरते. ही फिजिक्सची गोष्ट आहे, मला येते. आणि मग माझ्या लक्षात आलं की डावीकडे वळायचा इशाराही उजव्याच हाताचा. म्हणजे काका डावीकडचा इशारा द्यायचे, डावीकडे जायचे. उजवीकडचा द्यायचे, डावीकडेच जायचे. सुरुवातीला वळणं डावीकडची होती म्हणून कुणाला काही कळलंच नाही. रेडिओ होता तेव्हा काय होत होतं हे मी त्यांना विचारलं.

"तेव्हा कायले देऊ इशारा? ऑर्डर वरून आली. ज्यानं ऑर्डर देल्ली, जबाबदारी त्याची."

ऑर्डर खालून येत होती, पण मी ते बोलले नाही. हे सगळं त्यांना सांगायलाच मला दोन दिवस लागले होते. मोठ्या माणसाला, तेही घरमालकाला, तुमचं चुकतंय असं कसं म्हणायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. काकांनी चित्रातल्या उजव्या दोरीवर बोट ठेवलं.

"म्हणजे इशारा द्यायचाच नाही?"

"एकदाच काका. फक्त लायसनपुरतं."

"अन् मागून येणाऱ्याले कसं समजन?"

"तिथं मागून येणारे कमी असतात."

"कमी म्हणजे आहेत ना?"

त्या रात्री ते जेवले नाहीत. काकू मला हळूच म्हणाल्या, "याचं वरतं जाऊनही तेच झालं पहा. इशारा देल्ला तर लायसन नाही. नाही देल्ला तर हा घेणार नाही." आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, काकू, लसूण आहे. त्या म्हणाल्या, नाही वं, आज लसूण नाही सोलला.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिघं गेलो. माझ्या वडिलांना काकांनी स्वतः फोन केला. वडील म्हणाले, "साहेब, पोरीले उडवणार तर नाही ना?" काका म्हणाले, "तिचं लर्निंगच नाही झालं, कसा उडवीन?" वडिलांचं समाधान झालं.

रेल्वेत काका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. गाडी वळण घेई तेव्हा त्यांचा खांदा नुसता फुरफुरायचा.

मैदानावर थंडी होती. लांबवर पिवळी मोहरी. एका काठीवर कापडाची लांब पिशवी वाऱ्यानं फुगली होती. सरांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज राइट पॅटर्न है, अंकल." म्हणजे सगळी वळणं उजवीकडची. काकांच्या अंगावर छत्रीचं ओझं, डोक्यावर हेल्मेट, आणि चेहरा बोर्डाच्या पेपरला बसणाऱ्या पोरासारखा.

काकू पुढे झाल्या. "ऐका. आजच्या दिवस नका देऊ इशारा. वरचा पाहून घेईन."

"वरचा? वर तर मीच असन."

"मग तुम्ही पाहून घ्या," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट केला.

विमान वर गेलं आणि दिसेनासं झालं. मग आभाळात ठिपके दिसले, छत्र्या उघडल्या. काकांची निळी होती. ती हळूहळू मोठी होत मैदानावर आली आणि पहिल्या वळणापाशी पोचली. सर दुर्बीण लावून उभे. काकूंनी माझं मनगट धरलं होतं. बांगडी रुतत होती पण मी काढून घेतलं नाही.

मला काकांचे दोन्ही हात दिसत होते. दोन्ही दोऱ्यांवर होते. उजव्या हाताची बोटं दोरीवर सैल झाली. सुटणार, असं मला वाटलं.

हात सुटला नाही. उजवा पाय बाहेर आला.

सरळ, गुडघ्यात न वाकता, बुटासकट, बाजूला. क्षणभर तसाच राहिला, मागून येणाऱ्याला नीट दिसावा इतका. मग उजवी दोरी खाली आली आणि निळी छत्री शहाण्यासारखी उजवीकडे वळली.

"ये क्या कर रहे हैं अंकल?" सर म्हणाले. "पैर में क्रैम्प आ गया क्या?"

दुसऱ्या वळणाला पाय पुन्हा बाहेर आला. शेवटच्या टप्प्यात वाऱ्यानं छत्री जरा जास्तच उजवीकडे ढकलली. थोडं डावीकडे यायला हवं होतं. तेव्हा काकांनी उजवा पाय बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेनं गोल फिरवला. आभाळात, शांतपणे, दोनदा. मग डावी दोरी ओढली.

ते मैदानात उतरले. बसून, थोडे घसरत, पण मैदानात. काकू पदर खोचून धावत सुटल्या. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

सर मात्र गंभीर होते. "अंकल, ये पैर क्या था?"

"इशारा."

"किसको?"

"पीछे से आनेवाले को."

"पीछे कोई नहीं था!"

"वो मुझे क्या मालूम? मुझे पीछे आँख है क्या?"

सर डोकं खाजवायला लागले. असं करणं चालतं की नाही हे त्यांना कळेना. काका उठून उभे राहिले. त्यांनी काही विनवणी केली नाही. ते नुसते माझ्याकडे बघत होते, आणि मला कळलं की आता बोलायचं मला आहे. अनोळखी माणसाशी मी तोवर इंग्रजीत एक वाक्यही बोलले नव्हते. मी म्हणाले, सर, तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय की दोन्ही हात दोऱ्यांवर असावेत. हात दोऱ्यांवरच होते. पायाबद्दल काही लिहिलेलं नाही. मी सगळी पुस्तिका तीनदा वाचली आहे. बहुतेक व्याकरण चुकलं. पण सरांनी पुस्तिका मागवली आणि उभ्या उभ्या चाळली. मग त्यांनी काकांच्या बुटाकडे पाहिलं, आणि ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. सही त्यांनी बसूनच केली.

काकांनी कागद घेतला, शिक्का बघितला, सही बघितली, सहीखालची तारीख तपासली. "पास," ते काकूंना म्हणाले. एवढंच. काकू म्हणाल्या, "वाचता येते मले," आणि दोघंही दुसरीकडे बघायला लागले.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती, म्हणून सकाळी आम्ही पुन्हा मैदानावर जाऊन बसलो. काकूंनी तिथेच धपाटे काढले. कालही मैदानावर असलेली कॉलेजची चार-पाच पोरंपोरी विमानातून उड्या टाकून उतरत होती. पहिली मुलगी वळणावर आली आणि तिनं उजवा पाय बाहेर काढला. तिच्या मागच्यानंही काढला. खाली सर दोन्ही हात उंचावून ओरडत होते, "पैर अंदर! पैर अंदर!" पण इतक्या उंचीवर ऐकतंय कोण.

"पहा, काय लावून देल्लं तुम्ही लोकाच्या लेकरांले," काकू म्हणाल्या.

काकांनी अर्धा धपाटा खाली ठेवला, कपाळावर हात धरून वर पाहिलं आणि एकेकाला निरखत राहिले. शेवटच्या पोरापाशी त्यांचा चेहरा कडक झाला. तो डावीकडे वळत होता आणि त्याचा पाय घड्याळाच्या दिशेनं फिरत होता.

"हा सुलटा फिरवून राह्यला," काका म्हणाले. "पोरी, जाय, त्या सरले सांग. बाकीचे पास. याले पुढच्या मंगळवारी बोलवा."